खालच्यांच्या पानावर बसलेला जावई

माझ्या हातून आयुष्यात पुष्कळ चुका झाल्या, पण चारशे वर्षांचं वैर एका बैठकीत मिटवण्याची चूक एकदाच झाली. ती मी माघी पौर्णिमेला भर दुपारी केली, आणि चूक चालू असताना वर खीर दुसऱ्यांदा मागून घेतली.

गाव बायकोच्या माहेरचं. राजापूर तालुक्यात, खाडीच्या काठाला. वर जांभ्याचा गड आणि गडाच्या पायथ्याशी वस्ती. आज गडावर करवंदीच्या जाळ्या आहेत आणि दोन बुरुजांच्या मध्ये कुणाची तरी गुरं रवंथ करत बसलेली असतात. पण बहमनी काळापासून आदिलशाही बुडेपर्यंत हे नांदतं ठिकाण होतं. खाडीत गलबतं लागत, अरबस्तानातले घोडे उतरत, खाली तीन आळ्यांची पेठ होती, जकातीचं नाकं होतं. त्या पेठेचं नाव आता एका पाणंदीला तेवढं उरलंय, आणि त्या पाणंदीच्या तोंडाशी एस.टी. वळते.

हे सगळं मी पुस्तकांतून आणि कागदांतून गोळा केलेलं. नोकरीने मी सरकारी कचेरीतला कारकून, पण नाद इतिहासाचा. मोडी माझी मीच शिकलो होतो. म्हणजे अर्धी वाचायचो आणि उरलेली ठरवायचो. रत्नागिरीच्या एका साप्ताहिकात माझे तीन लेख छापून आले होते आणि तेव्हापासून कुणी नुसतं 'गड' म्हटलं की मी खुर्ची पुढे ओढायचो.

गावात घराणी दोन. एक वरचं, एक खालचं. वरचं म्हणजे माझं सासर. देशमुखी त्यांची, गडाखालची जमीन त्यांची, गावातला पहिला मान त्यांचा. खालचं घराणं खाडीजवळ भातशेती करून राहणारं, घरटी दोन-दोन पुरुष मुंबईत. पण गावात कुणालाही विचारा, तो सांगणार की आधी गड खालच्यांचा होता. त्यांचा मूळ पुरुष बहमनी अमलात गडाचा धनी. मग आदिलशाही आली, आणि वरच्यांचा मूळ पुरुष कुठूनसा चाकरीला येऊन राहिला. त्याने एक दिवस धन्याला जेवायला बोलावलं, बेल-भंडारा उचलून शब्द दिला, आणि पहिला घास हातात असताना त्याला पानावरच कापला. गड घेतला, विजापुराहून सनद आणली. पुढे विहिरी आटल्या, माणसं मेली, तेव्हा देवीने कौल दिला. तो असा, की दर माघी पौर्णिमेला त्या धन्याचं पान मांडा.

लग्नानंतर सहा वर्षं मी चिपळूणकडे अलोऱ्याच्या प्रकल्प वसाहतीत होतो, त्यामुळे या जेवणाला कधी जाणं झालं नव्हतं. त्या साली रत्नागिरीला बदली झाली आणि पहिल्यांदा आमंत्रण आलं. पत्र सासऱ्यांच्या थोरल्या भावाचं. सासरे बायकोच्या लहानपणीच गेले, तिला वाढवलं या काकांनी. सत्तरी ओलांडलेले, सडपातळ, आवाज कधी चढायचा नाही. मला ते 'जावईबापू' म्हणायचे आणि 'आपण'. त्या 'आपण'मध्ये इतकं अंतर असायचं की मध्ये खाडी आहे असं वाटावं.

आता या पानाविषयी मला कुणी सांगितलं नव्हतं का? सांगत होती. भाट्याचा पूल ओलांडल्यापासून बायको सांगत होती.

"अहो, तिथं बसताना एक गोष्ट..."

"थांब, आधी बहमनी कारभार समजून घे. तरफ म्हणजे काय, तर..."

घाटीच्या चढाला पुन्हा, "अहो, ते पहिलं पान..."

"पहिलं पान म्हणजे सनदेचं ना? त्यावर शिक्का असतो. आता शिक्क्याचे प्रकार किती, तर..."

तिसऱ्या वेळी तिने खिडकीकडे तोंड केलं आणि डोळे मिटले. मला वाटलं, ऐकतेय.

पोचलो तेव्हा घरात गडबड होती. बायको स्वयंपाकघरात गेली. मी मागच्या आवारात एक कोरीव दगड असल्याचं ऐकून होतो, तिकडे गेलो. दगडावर कमळ होतं की चाक, हे ठरवण्यात माझा अर्धा तास गेला. परत मागच्या दाराने पडवीत आलो तर पानं मांडलेली, आणि पडवीत माणूस नाही. पुरुष सगळे पुढे गडग्याशी जाऊन उभे होते. गडगा म्हणजे आवाराची दगडी भिंत. ते तिथं का उभे होते, हे मला माहीत नव्हतं. मी पाहिलं ते एवढंच, की ओळीच्या डोक्याशी एक पाट आहे, त्याच्याभोवती रांगोळी आहे, शेजारी उदबत्ती लावलीय आणि पान सगळं वाढून तयार आहे. वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, भात, खीर. बाकीची पानं नुसतीच कोरी.

सहा वर्षांनी घरात आलेला जावई. त्याने हे पान बघून काय समजावं, तुम्हीच सांगा.

मी बसलो. थोडा वेळ वाट पाहिली. एस.टी.च्या प्रवासाने भूक कडकडून लागली होती. तेवढ्यात घरातली धाकटी सून भाताचं भांडं घेऊन बाहेर आली. तिचं लग्न मार्गशीर्षातलं, घरात येऊन दोन महिने झालेले. तिलाही काही माहीत नव्हतं. मी बसलोय बघून ती गोंधळली, मग हसली आणि म्हणाली, "सुरू करा ना भाऊजी, थंड होतंय."

केलं सुरू. खीर नारळाच्या रसातली होती. वाटी संपल्यावर मी तिला म्हटलं, "अजून असली तर..." तिने आणली.

दुसऱ्या वाटीत चमचा होता तेव्हा दारात सावली पडली. पुढे एक पन्नाशीचा माणूस, अंगात धुतलेला सदरा, डोक्याला टोपी, पायात काही नाही. त्याच्या मागे काका, आणि काकांच्या मागे घरातले सगळे पुरुष. तो माणूस माझ्याकडे बघत नव्हता. तो पानाकडे बघत होता.

"जेवलात?" त्याने विचारलं.

"हो, उत्तम," मी म्हटलं.

"पोटभर?"

"खीर फारच सुरेख झालीय. तुम्हीही बसा ना."

मागे कुणीतरी खोकलं. तो माणूस दोन-तीनदा मान हलवत राहिला, जशी एखादी वाईट बातमी खरी निघाल्यावर आपण हलवतो. मग काकांकडे वळून म्हणाला, "मग मिटला. तुमच्या जावयान मिटवल्यान." आणि उंबऱ्याच्या आत पाऊल न टाकता गेला.

तो खालच्या घराचा कर्ता होता, आणि त्याला सामोरे जायलाच सगळे गडग्याशी उभे होते. मुंबईला गोदीत नोकरी. फक्त या एका दिवसासाठी तो वर्षातून एकदा रजा टाकून येतो, वरच्या घरी येतो, पाटावर बसतो, पानाकडे बघतो, आणि न जेवता उठतो. "अन्न बघितला" एवढंच म्हणायचं. मग वरच्यांनी जेवायचं. त्याचा बाप तसा उठला, आजा तसा उठला, त्यांच्या आधीचे सगळे तसेच उठले. जेवण म्हणजे माफी, आणि ती त्यांनी कधी दिली नाही. मूळ पुरुषाचा खून त्यांनी इतक्या पिढ्या जिवंत ठेवला होता. मी तो वड्याबरोबर खाल्ला.

आणि खाल्ला कुणी? वरच्यांच्याच जावयाने. म्हणजे मारणाऱ्यांनी मेलेल्याच्या पाटावर बसून स्वतःला माफ करून घेतलं.

हे सगळं मला बायकोने मागच्या आवारात, त्या कमळ की चाक असलेल्या दगडाशेजारी उभा करून सांगितलं. शेवटी म्हणाली, "तरफ म्हणजे काय ते कळलं का तुम्हाला आता?"

काका मला एकच वाक्य बोलले. "आपण जेवलात," ते म्हणाले, आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाचे गुरव निरोप घेऊन आले. खालच्यांचं म्हणणं असं, की वैर मिटलंय तर आमचा वरच्यांशी संबंधही मिटला. महिन्यावर शिमगा आहे. पालखीच्या मागच्या दांडीला खांदा आमचा असतो, तो आम्ही देणार नाही.

शिमग्याला देवीला रूपं, म्हणजे चांदीचे मुखवटे, लागतात, पालखी देवळातून निघते आणि घरोघर जाते. पण वरच्यांच्या दारात ती पहिल्यांदा येते, आणि येते ती पुढे वरच्यांच्या खांद्यावर, मागे खालच्यांच्या. मागे दुसरा कुणी चालत नाही. ज्यांचा गड गेला त्यांनीच देवीला त्या दारात आणायचं, अशी ती रीत. खालच्यांनी खांदा काढला म्हणजे पालखी त्या दारात चढणार नाही. काका घराचे कर्ते झाले त्याला तीस वर्षं होऊन गेली होती. तेवढ्या काळात एकदाही ती चुकली नव्हती. धाकटा भाऊ, म्हणजे माझे सासरे, वारले त्या वर्षीसुद्धा नाही. आता काकांच्या छातीचं दुखणं वाढलेलं, राजापूरच्या डॉक्टरांनी जिना चढायला बंदी केलेली, आणि पुढचा शिमगा दिसेल की नाही हा प्रश्न ते स्वतःच मोकळेपणाने विचारत. चुकली तर ती त्यांच्या शेवटच्या साली चुकणार होती.

परतीच्या एस.टी.त बायको म्हणाली, "काकांच्या दारात पालखी चढली नाही, तर मी त्या दारात पाय ठेवणार नाही."

मी तिकिटं पुन्हा मोजली.

"आणि तुमच्याही," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी मी एकटा गावात उतरलो आणि खाली गेलो. खालच्या घराचे कर्ते अंगणात काथ्याच्या दोरीला पीळ देत बसले होते. रजा वाढवून घेतली होती त्यांनी, माझ्यापायी. मी आलेला पाहून दोरी सोडली नाही.

"येवा जावयबापू. आमच्याकडे खीर नाय हां."

"दादा, माझी चूक झाली. मला माहीत नव्हतं."

"म्हाइत नाय म्हणून बसलात? एस्टीत सीट रिकामी दिसली की बसायची, तसं?"

घरातून कुणी तरी बाई हसली. मी उन्हात उभा. बसा म्हणायची त्यांची इच्छा नव्हती आणि पुन्हा विचारल्याशिवाय कुठंही बसायचं नाही, एवढं मी शिकलो होतो.

इथं मी गप्प पाया पडून निघालो असतो तर बरं झालं असतं. पण माझ्याजवळ एक हुकमी पान होतं. राजापुरातल्या एका वकिलांच्या दप्तरात मी एका महजराची नक्कल वाचली होती. महजर म्हणजे जुन्या काळचा निवाडा, त्याखाली साक्षीदारांची नावं आणि निशाण्या. त्यात गड वरच्यांकडे गेल्यानंतर पुष्कळ वर्षांनी खालच्यांच्या मूळ पुरुषाची साक्ष होती. नाव, गाव, आणि नांगराची निशाणी. म्हणजे तो जिवंत होता. म्हणजे त्याला पानावर कापलाच नव्हता. रात्रंदिवस मी या शोधावर खूश होतो. खूनच नाही तर वैर कसलं? दोन्ही घरं मला शाल-नारळ देतील, अशी माझी समजूत.

मी ते सगळं सांगितलं. सविस्तर सांगितलं. त्यांचा दोरीवरचा हात थांबला.

"म्हणजे आमचा मूळ पुरुष मेला नाय."

"नाही! आनंदाची गोष्ट आहे."

"गड गेला तरी ह्यो जिता."

"हो, चांगला वीसेक वर्षं."

"आणि ज्यांनी गड घेतलानी त्यांच्याच बैठकीत जाऊन साक्ष देऊन आला. नांगर काढून."

मी हो म्हणणार होतो, पण त्यांचा चेहरा बघून अर्ध्यावर थांबलो.

"आमच्या पोरांस्नी आमी सांगतो, आपला पूर्वज दग्यान मारला म्हणून आपण खाली ऱ्हातो," ते उठून उभे राहिले. "आता काय सांगू? घाबरून खाली उतरला म्हणून सांगू? कागद घेऊन आलाय माझ्या दारात! चालता हो."

चालता झालो. गाव लहान. मी वर पोचायच्या आत माझा शोध वर पोचला होता, आणि तिथंही तो कुणाला आवडला नव्हता. बायकोचा चुलतभाऊ, काकांचा मुलगा, आंब्याला पालापाचोळा घालत होता. तो कुदळ टेकवून म्हणाला, "काय हो, आमच्या मूळ पुरुषाने कुणाला मारलंच नाही म्हणे?"

"तसा पुरावा दिसतो."

"मग गड त्याने कसा घेतला? अर्ज करून?"

एका रविवारात मी एका घराचा हुतात्मा आणि दुसऱ्या घराचा पराक्रम खलास केला. दोन्ही घरांचं इतक्या पिढ्यांत पहिल्यांदा एकमत झालं, ते माझ्याबद्दल.

शिमग्याला आठ दिवस उरले तेव्हा देवळात बैठक भरली. सकाळची वेळ, मुंबईचे चाकरमानी यायला लागलेले, त्यामुळे गर्दी दांडगी. मला खांबाला टेकून बसायला सांगितलं होतं आणि तोंड उघडायची मनाई. गुरवांनी गाऱ्हाणं घातलं, म्हाराजा म्हणून देवीला सगळी हकीकत सांगितली, माझा उल्लेख 'एक जाणता माणूस नेणता झाला' असा केला. मंडळींनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. इतक्या एका सुरात गावाने माझ्याविषयी त्याआधी काही म्हटलेलं नव्हतं. मग देवीच्या अंगावर पाण्याने कळे लावले, फुलांच्या पाकळ्या, आणि प्रश्न विचारायला सुरुवात झाली. उजवा पडला तर होकार, डावा पडला तर नकार.

पान पुन्हा मांडून खालच्यांनी न जेवता उठावं? डावा.

जावयाने देवीला नारळ ठेवून माफी मागावी? डावा. हा फार लवकर पडला, असं मला आपलं वाटलं.

मग एका म्हाताऱ्या गावकऱ्याला सुचलं. तो म्हणाला, "त्या पानावर जो जेवला, तो खालच्यांच्या बाजून जेवला. म्हणजे ह्या वर्साक तो खालच्यांचा माणूस झाला. मग वरच्यांनी त्याला पानावरना उठवून हाकलू दे. खालच्यांच्या माणसाचा अपमान झाला, की वैर पुन्यांदा उभा ऱ्हाईल."

कळा उजवा पडला.

खालचे कर्ते हात बांधून बसले होते. म्हणाले, "कबूल. पण अपमान खरा पायजे. नाटक आमी चालवून घेणार नाय. नाटक वाटला तर खांदा नाय."

काका पुढच्या ओळीत बसून होते. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि मला काळजी वाटली. त्यांना मी आवडत नव्हतो, ही तर सोय होती. अडचण दुसरी होती. त्या माणसाला अपमान करताच येत नव्हता.

शिमग्याच्या आदल्या दिवशी दुपारी पुन्हा तीच पडवी, तोच पाट. या वेळी गावातली निम्मी माणसं गडग्याला टेकून उभी. मी पाटावर बसलो. खालचे कर्ते उंबऱ्याबाहेर. बायको स्वयंपाकघराच्या दारात, पदर तोंडाशी धरून. मी घास उचलला आणि तोंडाजवळ नेला. ठरल्याप्रमाणे काका पुढे आले. माझ्याजवळ उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले.

"जावईबापू," ते म्हणाले, "आपण उठावं."

गडग्यावर कुजबुज झाली. खालचे कर्ते म्हणाले, "ह्यो अपमान? ही तर इनंती झाली!"

काकांनी घसा खाकरला. "उठा. इथं... इथं बसू नये."

"आता सूचना झाली," बाहेरून कुणीतरी म्हणालं, आणि माणसं हसली. काकांच्या मुलाने मागून सांगितलं, "काखेत हात घाला नि ओढा, बाबा." काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना माझा दंड धरवत नव्हता. जावई म्हणजे जावई, कितीही गाढव असला तरी.

खालचे कर्ते टोपी नीट करून म्हणाले, "ऱ्हावंदे. नाय जमत तुमास्नी. आमी चाललो."

ते खरंच वळले. काकांनी त्यांच्या पाठीकडे पाहिलं, आणि मी काकांच्या चेहऱ्याकडे. त्या चेहऱ्यावर काय होतं ते मी लिहिणार नाही. मग मी बोललो. लोक म्हणतात मी मुद्दाम बोललो. बायकोही चांगल्या दिवशी तसंच म्हणते. मला स्वतःला अजून नक्की सांगता येत नाही. माझ्या तोंडातून आजवर जे जे चुकीचं निघालं, ते असंच आपोआप निघालेलं आहे.

मी म्हटलं, "काका, मला कशाला उठवता? हक्क काय तुमचा? तुमची सनद बनावट आहे."

खालचे कर्ते जागच्या जागी थांबले.

"पत्र्याच्या नळीत ठेवता ना ती? लग्नाच्या वर्षी मला दाखवलीत. कागद उजेडाकडे धरा. आत विलायती कारखान्याची खूण आहे. विजापूरच्या बादशहाने विलायतेहून कागद मागवला होता का? ती इंग्रजांच्या वेळी कुणीतरी लिहवून घेतलीय. तुमच्या घरात मूळ सनद नाहीच."

हे खरं होतं. सहा वर्षं मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. माझ्या हातून घडलेला तेवढा एकच शहाणपणा, तो मी तिथं दोनशे माणसांसमोर संपवला.

काकांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता. त्या घरातही कुणी ऐकला नव्हता.

"ऊठ," ते म्हणाले. "ऊठ भोसडीच्या! माझ्या घरात, माझ्या अन्नावर बसून? तुला पोर दिली ती तुझ्या तोंडाकडे बघून नाही दिली! बाप नव्हता तिला, म्हणून दिली! अलोऱ्याला पत्र्याच्या खोलीत नेऊन घातलीस, दोन पावसाळे ती खोकत होती, मी बोललो? कागद वाचतो म्हणे! घरातल्या माणसाचं तोंड वाचता येत नाही तुला!"

त्यांनी माझी मानगूट धरली. सत्तरी ओलांडलेला, जिना न चढणारा माणूस. त्याने मला पाटावरून उचलला, पडवीतून फरफटवला आणि दोन पायऱ्यांवरून खाली अंगणात लोटला. माझा चष्मा एकीकडे, मी एकीकडे. मागून पान आलं, वाढलेलं, आणि ते माझ्या पाठीवर पडलं. उसळ गरम होती.

वर काका खांबाला धरून धापा टाकत होते. गडग्यावर कुणी हसलं नाही.

खालचे कर्ते माझ्यापर्यंत आले. रीतीप्रमाणे अपमान झालेल्या आपल्या माणसाला उठवणं त्यांचं काम होतं. त्यांनी मला दंडाला धरून उभा केला, पाठीवरचा भात दोन बोटांनी झटकला आणि तांब्या पुढे केला. माझ्या कानाशी म्हणाले, "ह्यो खरा. पण तू आमचा नायस हां. उद्यापास्नं आमच्या दारात दिसलास तर मी पण असाच लोटीन." मग काकांकडे बघून मोठ्याने म्हणाले, "उद्या खांदा येईल."

आणि आला. दुसऱ्या दिवशी सकाळी ढोल वाजले, पालखी घाटी चढून आली, पुढे वरचे, मागे खालचे, एकमेकांकडे न बघता. मला आवारात यायला बंदी होती. मी पाणंदीच्या पलीकडे कुणाच्यातरी काजूखाली उभा राहून पाहिलं. पालखी अंगणात नाचली. काका खुर्चीत बसले होते, त्यांना दोघांनी धरून उभं केलं, त्यांनी देवीपुढे नारळ ठेवला आणि डोकं टेकलं. बायकोने ओटी भरली. काका बराच वेळ डोकं उचलेनात. मग उचललं.

त्या पालखीनंतर काका माझ्याशी बोलले नाहीत. पण गावभर एक गोष्ट राहून गेली होती. सनदेची. मुंबईची पोरं परत जाताना एस.टी.च्या थांब्याजवळ उभी राहून सनदेवर विनोद करत होती. मागच्या दांडीला खांदा देऊन आलेली खालच्यांची पोरं तर फारच.

रत्नागिरीला येताना भाट्याच्या पुलाशी बायको म्हणाली, "ती सनद खरंच तशी आहे?"

मी तिच्याकडे पाहिलं. काकांनी सांगितल्याप्रमाणे तोंड वाचायचा प्रयत्न केला.

"नाही," मी म्हटलं. "तिथल्या तिथं सुचलं ते बोललो."

"मग तसं लिहून पाठवा. काकांना. सही करून."

त्या आठवड्यात मी आंतर्देशीय पत्र घेतलं आणि माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात लिहिलं, की सदर सनद मी बारकाईने पाहिली असून कागद, शाई आणि शिक्का यांवरून ती अस्सल आदिलशाही आहे याबद्दल मला शंका नाही, विलायती खुणेचं विधान मी दिशाभूल करण्यासाठी केलं होतं. खाली सही, आणि सहीखाली 'इतिहास अभ्यासक'. हे दोन शब्द मी त्याआधी कधी वापरले नव्हते. वापरायची इच्छा मात्र फार होती.

उत्तर आलं नाही. काका पुढच्या पावसाळ्यात गेले. बाराव्याला गेलो तेव्हा काकांच्या मुलाने नळी उघडून दाखवली. सनदेच्या गुंडाळीत माझं पत्र होतं, घडी सरळ करून, दोऱ्याने बांधलेलं. काका आल्या-गेल्याला आधी ते स्वतः हातात धरून वाचायला लावत आणि मग सनद दाखवत, असं तो म्हणाला.

"म्हणायचे, तज्ज्ञाने लेखी दिलंय."

"माझं नाव सांगायचे?"

"नाव नाही सांगायचे," तो म्हणाला. "सहीवर अंगठा ठेवायचे."